छज्ज्यावरचे चौदा तास

‘फोर्टीन अवर्स’ या चित्रपटात जे घडायचे ते पहिल्या काही मिनिटांतच घडून जाते. न्यूयॉर्कच्या रॉडनी हॉटेलात वेटर पंधराव्या मजल्यावर सकाळची न्याहारी घेऊन येतो. क्षणभर त्याची पाठ वळते आणि पुन्हा पाहतो तर खोलीत कुणी नाही. गिऱ्हाईक खिडकीबाहेर आहे. भिंतीला पाठ चिकटवून, हातभर रुंदीच्या छज्ज्यावर ते उभे आहे. खाली रस्त्यावरची एक बाई वर पाहते आणि किंचाळते. चौकात वाहतुकीला हात दाखवणारा एक पोलीस मान वर करतो आणि धावत हॉटेलात शिरतो. तिथून पुढे चित्रपट संपेपर्यंत एक माणूस छज्ज्यावर आणि दुसरा खिडकीत, एवढाच काय तो खेळ. ९२ मिनिटांच्या या कृष्णधवल चित्रपटात ना पाठलाग आहे, ना खून, ना गुन्हेगार. तरीही हॉलिवूडच्या उत्कंठापटांत त्याचे नाव आजही घेतले जाते. हेन्री हॅथवे यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने मार्च १९५१ मध्ये प्रदर्शित केला.

कथेचा गाभा कल्पनेतला नाही. २६ जुलै १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यू आणि ५५व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या गॉथम हॉटेलात २६ वर्षांचा एक तरुण सतराव्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर पडला आणि छज्ज्यावर जवळजवळ अकरा तास उभा राहिला. नातेवाईक आले, डॉक्टर आले, पोलिसांचा ताफा आला. पण तो बऱ्यापैकी मोकळेपणाने बोलला ते चार्ल्स ग्लास्को नावाच्या वाहतूक शाखेच्या शिपायाशी. वर्दी पाहून तरुण बिथरेल म्हणून ग्लास्कोने हॉटेलच्या नोकराचा कोट अंगावर चढवला आणि आपण इथलाच कामगार आहोत असे भासवत गप्पा सुरू केल्या. रस्त्यावर हजारोंची गर्दी लोटली होती. खालच्या बाजूने जाळे लावण्याची खटपट चालली होती. ते पुरते लागण्याआधीच, रात्री साडेदहाच्या सुमारास, तो तरुण गेला. ती इमारत आजही उभी आहे. तिच्यात आता पेनिन्सुला हॉटेल आहे.

ही हकिकत पत्रकार जोएल सेअर यांनी १९४९ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात सविस्तर लिहिली. सेअर हे चित्रपटांच्या पटकथाही लिहीत. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर घडणाऱ्या ‘गंगा दिन’ या १९३९च्या चित्रपटाच्या पटकथेवर त्यांचे नाव आहे. फॉक्सने लेखाचे हक्क विकत घेतले आणि जॉन पॅक्स्टन यांच्याकडून पटकथा लिहवून घेतली. मृत तरुणाच्या घरच्यांच्या भावनांचा विचार करून मूळ लेखाचे नाव बाजूला ठेवले गेले. हॉटेलचे नाव बदलले, सतरावा मजला पंधरावा झाला, अकरा तासांचे चौदा झाले आणि जुलैचा उकाडा जाऊन १७ मार्च, म्हणजे सेंट पॅट्रिकचा सण आला. तरुणाचे नाव झाले रॉबर्ट कॉसिक आणि पोलिसाचे चार्ली डनिगन. एक फरक मात्र नुसत्या नावागावाचा नाही. ग्लास्को हॉटेलचा नोकर होऊन बोलला. पडद्यावरचा डनिगन पोलीस म्हणूनच बोलतो, आणि कथेची सगळी भिस्त तिथे आहे.

हॅथवे यांची त्या काळातली ओळख रस्त्यावर उतरून चित्रीकरण करणारा दिग्दर्शक अशी होती. ‘द हाउस ऑन नाइन्टी-सेकंड स्ट्रीट’, ‘किस ऑफ डेथ’, ‘कॉल नॉर्थसाइड ७७७’ हे त्यांचे चित्रपट खऱ्या शहरात, खऱ्या इमारतींत घडतात. ‘फोर्टीन अवर्स’साठी खालच्या मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवेवरची एका बँकेची इमारत निवडली गेली आणि तिला रॉडनी हॉटेलचे रूप देण्यात आले. लांबून घेतलेल्या दृश्यांत छज्ज्यावर उभा दिसतो तो बदली माणूस. जवळची दृश्ये लॉस एंजलिसच्या स्टुडिओत, त्याच दर्शनी भिंतीची नक्कल उभारून घेतली. जोड कुठे आहे हे शोधून काढणे आजही सोपे नाही. या कलादिग्दर्शनाला ऑस्करचे नामांकन मिळाले. जो मॅकडोनल्ड यांचा कॅमेरा कधी छज्ज्यावरून थेट खाली पाहतो, तेव्हा मोटारी काडेपेटीएवढ्या दिसतात आणि प्रेक्षक खुर्चीचा हात घट्ट धरतो. संगीतकार म्हणून आल्फ्रेड न्यूमन यांच्यासारखे मोठे नाव असूनही मधल्या भागात संगीत जवळजवळ नाहीच. भोंगे, शिट्ट्या, गर्दीचा एकसुरी गलका, वारा आणि दोन माणसांचे बोलणे, एवढेच ऐकू येते. ‘आता काहीतरी होणार’ हे सांगणारी व्हायोलिने नसल्यामुळे खरोखरच केव्हाही काहीही होईल असे वाटत राहते.

रॉबर्टची भूमिका रिचर्ड बेसहार्टने केली आहे. त्याच्या वाट्याला आलेली जागा हातभर, हालचाल जवळपास शून्य. जे करायचे ते डोळे, ओठ आणि भिंतीवर पसरलेली बोटे यांनी. तो मोठ्याने रडत-ओरडत नाही. बहुतेक वेळ तो सभ्य, संकोची आणि भयंकर थकलेला दिसतो, आणि म्हणूनच खरा वाटतो. चित्रीकरणाच्या त्याच दिवसांत बेसहार्टची पत्नी मेंदूतल्या गाठीने आजारी होती आणि त्यातच ती गेली. अमेरिकेच्या नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यूने त्या वर्षीचा उत्कृष्ट अभिनेता म्हणून त्याची निवड केली. पुढे फेडेरिको फेलिनी यांच्या ‘ला स्त्रादा’ (१९५४) मध्ये तो डोंबाऱ्यासारखा तारेवर चालणारा विदूषक झाला. उंचीने त्याचा पिच्छा सोडला नाही, असे गमतीने म्हणता येईल.

डनिगन झाला आहे पॉल डग्लस. आडवा बांधा, खरखरीत आवाज, थोडा बोजड चेहरा. चित्रपटात येण्याआधी तो रेडिओवर खेळांचे धावते वर्णन करीत असे, आणि बोलत राहण्याची ती सवय इथे कामी येते. डनिगनला मानसशास्त्र ठाऊक नाही. काय बोलावे हेही त्याला सुचत नाही, आणि ते तो लपवत नाही. तो सिगारेट देतो, प्यायला काहीतरी आणून देतो. तो आपल्या बायकोबद्दल, मुलाबद्दल, संसारातल्या कुरबुरींबद्दल बोलतो. जगणे सुंदर आहे असले व्याख्यान तो देत नाही. जगणे कसेबसे का होईना चालू असते, एवढेच त्याच्या बोलण्यातून कळते. वरिष्ठ येतात, बंदोबस्त लावतात आणि या शिपायाला ‘जा, तुझी वाहतूक सांभाळ’ म्हणून खाली पाठवून देतात. पण रॉबर्ट दुसऱ्या कुणाशी बोलायलाच तयार होत नाही. तेव्हा डनिगनला चौकातून परत बोलावणे येते. हुद्द्यापेक्षा ओळख मोठी ठरते, आणि तीही जेमतेम तासाभरापूर्वीची ओळख.

पोलिसांच्या कारवाईची धुरा उपप्रमुख मॉस्करकडे आहे. ही भूमिका हॉवर्ड डा सिल्वाने केली आहे. मॉस्कर दुष्ट नाही, फक्त घाईत आहे. त्याला रस्ता मोकळा करायचा आहे, जाळे लावायचे आहे, वार्ताहरांना आवरायचे आहे. (डा सिल्वा आणि सार्जंटच्या भूमिकेतला जेफ कोरी या दोघांनाही त्याच वर्षी अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी चौकशीचा फटका बसला आणि त्यांची चित्रपटांतली कामे बरीच वर्षे बंद झाली.) कुणी जवळ सरकते आहे असा संशय आला की रॉबर्ट उडीची धमकी देतो, आणि पुन्हा सगळे डनिगनच्या जिभेवर येऊन थांबते. मध्येच एक धर्मवेडा माणूस पोलिसांची नजर चुकवून खोलीत घुसतो आणि तासन्‌तास जपून जमवलेला विश्वास एका झटक्यात उडवून लावतो.

चित्रपटातला आज सर्वांत जुना झालेला भाग म्हणजे मनोविकारतज्ज्ञ डॉ. स्ट्रॉस. १९४०च्या दशकात हॉलिवूडला फ्रॉइडचे वेड लागले होते. हिचकॉक यांचा ‘स्पेलबाउंड’ (१९४५) त्याच लाटेतला. स्ट्रॉस रॉबर्टच्या आईवडिलांना भेटतो आणि निदान करून मोकळा होतो: आईने मुलाच्या मनात बापाबद्दल द्वेष भरला आणि त्या ओढाताणीत मुलगा स्वतःचाच द्वेष करू लागला. आई झालेल्या अॅग्नेस मूरहेडने छाती पिटणारी, कॅमेरे दिसताच पदर सावरणारी बाई अशी काही उभी केली आहे की ही उपपत्ती प्रेक्षकाला पटू लागते. पण ती फार सोपी आहे. माणूस त्या छज्ज्यापर्यंत कसा येतो, याचे एका वाक्यातले उत्तर सहसा खोटे असते. रॉबर्टने लग्न मोडून जिला दूर लोटले ती व्हर्जिनियाही येते. ही भूमिका बार्बरा बेल गेडिसची. पुढे ‘व्हर्टिगो’ (१९५८) मध्ये उंचीला घाबरणाऱ्या माजी पोलिसाची समजूतदार मैत्रीण तीच झाली. ती खिडकीशी येते, थोडे बोलते, आणि त्या थोडक्यात डॉक्टरच्या सगळ्या निदानापेक्षा जास्त कळते.

चित्रपट खरा रंगतो तो रस्त्यावर. भारतीय प्रेक्षकाला उंचावरून उडी मारण्याची धमकी म्हटली की ‘शोले’तली पाण्याची टाकी आणि तिच्यावर चढलेला वीरू आठवतो. तिथे धमकी पोकळ आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, म्हणून हसता येते. ‘फोर्टीन अवर्स’मध्ये धमकी पोकळ नाही, आणि खालचे लोक तरीही हसतात. टॅक्सी अडकून पडलेले चालक वेळ जावा म्हणून पैज लावतात: तो किती वाजता उडी मारेल? प्रत्येकाची चिठ्ठी, प्रत्येकाचा आकडा. कचेऱ्यांतली माणसे काम टाकून खिडक्यांशी उभी राहतात. रेडिओवाले तारा ओढतात. टेलिव्हिजनचे कॅमेरे येतात. घरोघरी तो डबा तेव्हा नुकताच पोहोचू लागला होता. बिली वाइल्डर यांचा ‘एस इन द होल’ त्याच वर्षी आला. गुहेत अडकलेल्या माणसाभोवती भरलेली जत्रा हा त्याचा विषय. वाइल्डर यांनी गर्दीला कडवटपणे सोलून काढले, हॅथवे तसे करीत नाहीत. त्यांच्या गर्दीत पैज लावणारे आहेत आणि मनोमन हात जोडणारेही. पैज लावणाऱ्यांपैकी एखाद्याला संध्याकाळ होता होता स्वतःची लाज वाटू लागते, हेही कॅमेरा टिपतो.

गर्दीचे हे वागणे नुसती लेखकाची कल्पना नव्हे. सामाजिक मानसशास्त्रज्ञ लिऑन मान यांनी १९८१ मध्ये अशा २१ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० घटनांत खाली जमलेल्या लोकांनी त्या माणसाला चिथावले होते, टोमणे मारले होते. गर्दी मोठी असली, अंधार पडलेला असला, आणि वरच्या माणसाचा चेहरा दिसणार नाही इतके अंतर असले की चिथावणी वाढते, असे त्यांना आढळले. गर्दीत आपल्याला कुणी ओळखत नाही, आणि वरचा माणूसही ठिपक्याएवढा होऊन जातो. चित्रपटातही हेच घडते. खिडकीतून दिसतो तो घामेजलेला, ओठ कोरडे पडलेला रॉबर्ट. रस्त्यावरून दिसते ती नुसती एक काळी रेघ. डनिगन आणि टॅक्सीवाले यांच्यातला फरक स्वभावाचा आहे त्याहून अधिक अंतराचा आहे.

या गर्दीतून दोन छोट्या कथा फुटतात. डॅनी आणि रूथ हे दोघे अनोळखी तरुण-तरुणी मान वर करून उभे असताना एकमेकांशी बोलू लागतात आणि दिवसभर तिथेच रेंगाळतात. रोजच एकाच भागात काम करूनही आपण आजवर कधी भेटलो कसे नाही, हे त्यांना उमगत नाही. समोरच्या इमारतीतल्या वकिलाच्या कचेरीत लुईस ॲन फुलर ही तरुणी घटस्फोटाच्या कागदांवर सही करायला आली आहे. खिडकीतून तिला छज्ज्यावरचा माणूस दिसत राहतो आणि शेवटी ती नवऱ्याबरोबर परत जायचे ठरवते. ही उपकथा ओढूनताणून जुळवलेली आहे. एकाचे दुःख पाहून दुसऱ्याचा संसार सावरतो हे एवढ्या झटपट पटत नाही. ती आज लक्षात राहते ती वेगळ्याच कारणाने. लुईसच्या भूमिकेत ग्रेस केली आहे, आणि हा तिचा पहिला चित्रपट. पडद्यावर ती दोनचार मिनिटेच दिसते. तीन वर्षांनी हिचकॉक यांच्या ‘रिअर विंडो’त ती पुन्हा एका खिडकीशी उभी राहून समोरच्या इमारतीकडे पाहणार होती. गर्दीत जॉन कॅसाव्हेट्‌स आणि ऑसी डेव्हिस हेही आहेत, श्रेयनामावलीत नाव नसलेले. पुढे दोघेही मोठे झाले.

डनिगनने जे अडाणीपणाने केले ते पुढे पोलिसांच्या प्रशिक्षणात आले. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या ओलीसनाट्याच्या रक्तरंजित शेवटानंतर न्यूयॉर्क पोलिसांनी १९७३ मध्ये वाटाघाटी करणारे खास पथक उभे केले. त्यामागे होते मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले हार्वे श्लॉसबर्ग हे गुप्तहेर अधिकारी आणि पथकाचे पहिले प्रमुख फ्रँक बोल्झ. पथकाचे ब्रीदवाक्य साधे आहे: माझ्याशी बोला. त्यांची रीतही फार गुंतागुंतीची नाही. घाई करायची नाही, बोलणारा माणूस शक्यतो एकच ठेवायचा, ऐकायचे जास्त, न पाळता येणारे वचन द्यायचे नाही, आणि वेळ जाऊ द्यायचा. वेळ हा इथे शत्रू नसतो. तीव्र इच्छेची लाट ओसरेपर्यंत माणूस बोलता ठेवला की निम्मे काम झाले. डनिगनच्या हातूनही चुका होतातच. पण तो खिडकी सोडत नाही.

रात्र पडते. प्रखर झोतदिवे छज्ज्यावर रोखलेले, खालून-वरून गुपचूप जाळे सरकवले जात आहे. रॉबर्ट आत यायला तयार होतो. पाऊल उचलणार इतक्यात रस्त्यावरच्या एका पोराचा हात चुकून दिव्याच्या बटणाला लागतो, प्रकाश थेट रॉबर्टच्या डोळ्यांत जातो आणि त्याचा तोल सुटतो. इथे चित्रपटाने केवढी क्रूर गोष्ट दाखवली आहे! जगायचे ठरवल्यानंतर माणूस पडतो, आणि तोही कुणाच्या दुष्टाव्याने नव्हे. त्याच्या हाताला जाळे लागते. तो वाचतो आणि पोलीस त्याला आत ओढून घेतात. डनिगनची बायको आणि मुलगा त्याला न्यायला आलेले असतात.

शेवट असाच व्हायचा असे आधी ठरले नव्हते. हॅथवे यांनी दोन्ही शेवट चित्रित करून ठेवले होते, आणि मूळ घटनेप्रमाणे रॉबर्ट दगावतो तोच शेवट त्यांना वापरायचा होता. पण १९५० मध्ये, चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, फॉक्सचे अध्यक्ष स्पायरोस स्कूरास यांच्या तरुण मुलीचा इमारतीवरून पडून मृत्यू झाला. स्कूरास यांना चित्रपट नजरेसमोरही नको झाला. तो काही महिने डब्यातच राहिला आणि शेवटी रॉबर्ट वाचतो तो शेवट जोडून बाहेर आला. सुखान्त हा धंद्याचा हिशेब असतो असे हॉलिवूडबद्दल म्हटले जाते, आणि पुष्कळदा ते खरेही असते. इथला सुखान्त मात्र एका बापाच्या दुःखातून आला. कलेच्या दृष्टीने दुःखान्त अधिक सरस झाला असता, असे म्हणणारे समीक्षक आहेत. १९३८ची हकिकत ठाऊक असलेल्याला जाळे वेळेवर पोहोचणे जरा सोयीचे वाटणारच.

तरीही वाचलेला रॉबर्ट हा खोटा शेवट नव्हे, हे दाखवणारा पुरावा पुढे मिळाला. ‘आज अडवले तर उद्या पुन्हा तेच करणार’ हा समज सर्वत्र आढळतो. चित्रपटातल्या गर्दीतही तो आहे. रिचर्ड सायडन या संशोधकाने सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ या काळात ऐनवेळी अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचा पुढे माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांच्यापैकी सुमारे ९४ टक्के माणसे त्या वेळी एक तर जिवंत होती किंवा नैसर्गिक कारणाने गेलेली होती. अडवणारे बहुतेक जण पोलीस होते, पुलावरचे कर्मचारी होते, नाही तर सहज जवळून जाणारे वाटसरू. त्याच पुलाच्या दोन्ही बाजूंना सलग पोलादी जाळे बसवण्याचे काम अनेक वर्षांच्या मागणीनंतर पूर्ण झाले, आणि २०२४च्या सुरुवातीला तसे जाहीर करण्यात आले.

भारतात अशा घडीला बोलायला माणूस हवा असेल, स्वतःसाठी किंवा जवळच्या कुणासाठी, तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही फोनसेवा चोवीस तास चालू असते. क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते.